क्लोरीन सिलिंडरची अदलाबदल : जलशुद्धीकरण केंद्रातील जोखमीचा क्षण

गावोगावी नळपाणीपुरवठा योजना पोहोचू लागल्यापासून पाण्याच्या निर्जंतुकीकरणाचा प्रश्न शहरांपुरता मर्यादित राहिलेला नाही. पाण्यातील रोगजंतूंचा नाश करण्यासाठी सर्वांत अधिक प्रमाणात वापरले जाणारे द्रव्य म्हणजे क्लोरीन होय. विहिरीत अथवा टाकीत टाकावयाच्या टीसीएल पावडरीच्या रूपाने तो ग्रामपंचायतींच्या पूर्ण परिचयाचा आहे. तथापि, अनेक गावांच्या प्रादेशिक योजना व नगरपालिकांची जलशुद्धीकरण केंद्रे येथे दररोज लक्षावधी लिटर पाणी शुद्ध करावे लागते. पावडर कालवून एवढे काम साधणे कठीण असते. अशा ठिकाणी वायुरूप क्लोरीन वापरण्यात येतो व तो दाबाखाली द्रवरूप करून पोलादी सिलिंडरांतून आणला जातो. लहान केंद्रांवर १०० किलोग्रॅमचे उभे सिलिंडर, तर मोठ्या केंद्रांवर सुमारे ९०० किलोग्रॅम क्लोरीन मावणारी आडवी टाकी, म्हणजेच कर्मचाऱ्यांच्या बोलण्यातील 'टोनर', आढळते.

या व्यवस्थेचे दैनंदिन कार्य शांतपणे चालू असते. तिच्यातील खरी जोखीम एकवटलेली असते ती रिकामे सिलिंडर काढून भरलेले सिलिंडर जोडण्याच्या अवघ्या काही मिनिटांत. ही मिनिटे सुरक्षित कशी करता येतील व त्यासाठी पंचायत, अधिकारी आणि शिक्षक यांनी काय जाणून घेतले पाहिजे, याचा येथे विचार करावयाचा आहे.

उपकारक आणि घातक

स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ कार्ल शीले याने १७७४ मध्ये हा वायू प्रथम तयार केला. १८१० मध्ये सर हम्फ्री डेव्ही याने तो मूलद्रव्य असल्याचे दाखवून त्याच्या हिरवट पिवळ्या रंगावरून त्यास क्लोरीन हे नाव दिले. १९०८ मध्ये अमेरिकेतील जर्सी सिटी या शहराच्या पाणीपुरवठ्यात क्लोरीनच्या संयुगाचा नियमित वापर सुरू झाला आणि पुढे ही पद्धत जगभर पसरली. पटकी, विषमज्वर यांसारख्या जलजन्य रोगांना आवर घालण्यात तिचा वाटा मोठा आहे. याच वायूचा २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्रच्या रणभूमीवर शस्त्र म्हणून वापर झाला, हेही विसरता येत नाही. पाण्यात दर लिटरला एक-दोन मिलिग्रॅम या प्रमाणात जीवरक्षक ठरणारा क्लोरीन हवेत मोकळा सुटला, तर प्राणघातक ठरू शकतो.

हवेच्या दहा लाख भागांत क्लोरीनचा एखादा भाग असला, तरी त्याचा उग्र वास बहुतेकांस जाणवतो. हे प्रमाण ३० भागांपर्यंत गेल्यास तीव्र खोकला येतो व छातीत दुखू लागते. ४०० भागांच्या पुढे अर्ध्या तासात मृत्यू ओढवू शकतो आणि १००० भागांत तर काही मिनिटेही घातक ठरतात. क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असल्याने गळती झाल्यावर तो वर न जाता जमिनीलगत पसरतो आणि खड्डे, गटारे, तळघरे अशा सखल जागी साचून राहतो. द्रव क्लोरीनचा वायू होताना त्याचे आकारमान सुमारे साडेचारशे पट वाढते. १०० किलोग्रॅमच्या एका सिलिंडरमधील वायू मध्यम आकाराची एक खोली सहज भरून टाकील, हे लक्षात घेतले म्हणजे या कामाचे गांभीर्य कळते.

धोका नेमका केव्हा?

दररोज ५० लाख लिटर पाणी देणारी एक योजना उदाहरणादाखल घेऊ. दर लिटरला २ मिलिग्रॅम मात्रा धरल्यास रोज १० किलोग्रॅम क्लोरीन लागेल. म्हणजे १०० किलोग्रॅमचे सिलिंडर दहा दिवसांत संपेल आणि वर्षाकाठी सुमारे ३६ वेळा ते बदलावे लागेल. छत्तीस वेळा बंद यंत्रणा उघडली जाईल, छत्तीस वेळा जुना सांधा सोडून नवा जोडला जाईल.

एरवी ही यंत्रणा बरीच सुरक्षित असते. आधुनिक क्लोरिनेटर निर्वाताच्या तत्त्वावर चालतो. दाबाने वाहणाऱ्या पाण्याच्या झोतामुळे निर्माण होणारे शोषण वायूला ओढून घेते. त्यामुळे नियंत्रकाच्या पुढील नळी कोठे फुटली, तरी क्लोरीन बाहेर येण्याऐवजी बाहेरची हवा आत शिरते आणि शोषण थांबताच वायूचा प्रवाहही बंद होतो. मात्र सिलिंडरच्या व्हॉल्व्हपासून नियंत्रकापर्यंतचा छोटासा भाग पूर्ण दाबाखाली असतो. ३० अंश सेल्सिअस तापमानास हा दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ८ किलोग्रॅम इतका असतो. अदलाबदलीच्या वेळी उघडला जातो तो नेमका हाच भाग.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. दाबमापकाचा काटा पाहून सिलिंडरमध्ये किती क्लोरीन उरला हे समजत नाही. जोपर्यंत आत थोडाही द्रव शिल्लक आहे, तोपर्यंत दाब केवळ तापमानावर अवलंबून असतो. सिलिंडर निम्मे असो वा संपत आलेले असो, काटा जवळपास तेथेच राहतो आणि द्रव संपल्यावर मात्र झपाट्याने खाली येतो. जेथे काट्यावर भिस्त ठेवली जाते, तेथे सिलिंडर बहुधा अवेळी संपलेले आढळते. रात्रपाळीला एकटा असलेला ऑपरेटर सकाळच्या पाण्याची वेळ गाठण्यासाठी अपुऱ्या उजेडात ते बदलू लागतो. जुनाच वॉशर पुन्हा बसविला जातो, घट्ट बसलेला व्हॉल्व्ह लांब पाना लावून जोराने फिरविला जातो, मुखवटा कपाटातच राहतो. या चुकांच्या मुळाशी अज्ञानाइतकीच घाई असते. म्हणून सुरक्षिततेची पहिली पायरी म्हणजे घाई करण्याची वेळच येऊ न देणे ही होय.

त्यासाठी सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून रोजचे वजन नोंदवहीत लिहावे. उरलेल्या वजनास रोजच्या खर्चाने भागले, की बदलाचा दिवस आधीच कळतो. तो दिवस ठरवून, दिवसाउजेडी, दोन प्रशिक्षित व्यक्तींच्या उपस्थितीत काम करता येते. शक्य तेथे दोन सिलिंडर जोडून ठेवण्याची व एक संपताच दुसरे आपोआप चालू होण्याची व्यवस्था करावी. म्हणजे निर्जंतुकीकरणात खंड पडत नाही आणि रिकामे सिलिंडर सवडीने काढता येते.

पूर्वतयारी

क्लोरीनच्या खोलीचे दार बाहेरच्या बाजूस उघडणारे असावे. वायू जड असल्याने हवा बाहेर फेकणारा पंखा जमिनीलगत बसविलेला असावा आणि त्याचे बटण खोलीच्या बाहेर असावे. आत शिरण्यापूर्वी पंखा काही मिनिटे चालू ठेवावा. केंद्राच्या आवारात वाऱ्याची दिशा दाखविणारी कापडी पिशवी उंच ठिकाणी लावावी. हवेच्या नळकांड्यासह येणारे स्वयंपूर्ण श्वसन उपकरण खोलीबाहेर, चटकन हाती येईल अशा जागी ठेवावे. खोलीतच ठेवलेले उपकरण गळतीच्या वेळी निरुपयोगी ठरते. गाळणीच्या डबीचा साधा मुखवटा थोड्या प्रमाणातील वायूपुरता उपयोगी असतो. दाट वायूत, किंवा वायूचे प्रमाण ठाऊक नसताना, त्यावर विसंबू नये.

नवे सिलिंडर हलविण्यापूर्वी त्यावरील चाचणीची तारीख पाहावी. क्लोरीनच्या सिलिंडरांची दर दोन वर्षांनी जलदाब चाचणी होणे आवश्यक असते. व्हॉल्व्हवरील संरक्षक टोपी घट्ट बसली असल्याची खात्री करूनच सिलिंडर हलवावे. सिलिंडर जमिनीवर घरंगळत नेऊ नये, आपटू नये, टोपीला दोर बांधून उचलू नये. भरलेल्या टोनरचे एकूण वजन सुमारे दीड टन असते. तो उचलण्यासाठी योग्य क्षमतेचा चेन पुली ब्लॉक व दोन्ही टोकांना आधार देणारी तुळईच वापरली पाहिजे. २७ जून २०२२ रोजी जॉर्डनमधील अकाबा बंदरात क्लोरीनची टाकी जहाजावर चढविताना दोर तुटून ती खाली पडली आणि १३ जण मृत्युमुखी पडले, तर अडीचशेहून अधिक लोक जखमी झाले. ती टाकी टोनरपेक्षा कितीतरी मोठी होती. उचलण्याच्या साधनांची वेळोवेळी तपासणी करण्याचा धडा मात्र लहान केंद्रांनाही तितकाच लागू आहे.

जुने काढताना, नवे जोडताना

प्रत्यक्ष कामाचा क्रम पाठ असावा आणि तो मराठीत, ठळक अक्षरांत भिंतीवर लावलेला असावा. दोघांपैकी एकाने श्वसन उपकरण चढवून काम करावे व दुसऱ्याने दाराबाहेर सज्ज राहून लक्ष ठेवावे.

प्रथम संपलेल्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करावा. यानंतर क्लोरिनेटर लगेच बंद करू नये. नळीत उरलेला वायू त्यास शोषून घेऊ द्यावा. दाबमापकाचा काटा खाली येऊन प्रवाहमापकातील गोळी तळाशी बसली, म्हणजे नळी रिकामी झाली असे समजावे. मग काही मिनिटे थांबून काटा पुन्हा चढत नाही ना, हे पाहावे. तो चढू लागल्यास सिलिंडरचा व्हॉल्व्ह नीट बंद झालेला नाही, असा त्याचा अर्थ होतो. अशा स्थितीत सांधा सोडणे धोक्याचे असते. सर्व ठीक असल्यासच सांधा हळूहळू सैल करावा. नळीचे मोकळे तोंड ताबडतोब झाकावे, कारण हवेतील ओलावा आत गेल्यास तो उरल्यासुरल्या क्लोरीनशी मिळून आम्ल तयार करतो. कोरडा क्लोरीन नेहमीच्या तापमानास पोलादाला फारसा अपाय करीत नाही. ओला क्लोरीन मात्र धातू झपाट्याने खातो. काढलेल्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हला झाकणी व संरक्षक टोपी लावून त्यावर 'रिकामे' अशी पाटी अडकवावी.

नवे उभे सिलिंडर साखळीने भिंतीस बांधून घ्यावे. टोनर मात्र आडवाच ठेवावा आणि त्याचे दोन व्हॉल्व्ह एकाखाली एक येतील असा फिरवावा. अशा स्थितीत वरच्या व्हॉल्व्हमधून वायू, तर खालच्यातून द्रव बाहेर येतो. वायू हवा असता खालचा व्हॉल्व्ह जोडला गेला, तर यंत्रणेत द्रव शिरून मोठा अनर्थ ओढवू शकतो. व्हॉल्व्हची झाकणी सैल करतानाही सावध राहावे, कारण वाटेत झिरपलेला थोडा वायू तिच्याखाली अडकलेला असू शकतो.

सांध्याचे दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ पुसून प्रत्येक वेळी शिशाचा नवाच वॉशर बसवावा. एकदा दाबला गेलेला वॉशर पुन्हा नीट बसत नाही. काही रुपयांच्या या वस्तूची काटकसर करणे हे अनेक गळतींचे कारण असते. सांधा जोडल्यावर व्हॉल्व्ह किंचित उघडून लगेच बंद करावा. त्यामुळे नळीत थोडासाच वायू येतो आणि गळती असली, तरी ती अल्प राहते. आता अमोनियाच्या द्रावणाच्या बाटलीचे तोंड सांध्याजवळ धरून तिची वाफ सर्व बाजूंनी फिरवावी. गळती असल्यास पांढरा धूर दिसतो. हा धूर म्हणजे अमोनिया व क्लोरीन यांच्या संयोगातून बनणारे नवसागराचे सूक्ष्म कण होत. द्रावण मात्र सांध्यावर ओतू नये. धूर न दिसल्यास व्हॉल्व्ह एक फेरा उघडावा. पूर्ण प्रवाहासाठी तेवढे पुरते. त्यासाठी मूळचा आखूड पानाच वापरावा, त्याला पाइप जोडून लांबी वाढवू नये आणि काम झाल्यावर तो व्हॉल्व्हवरच ठेवावा, म्हणजे प्रसंगी क्षणात बंद करता येतो.

वायू वेगाने ओढला गेल्यास सिलिंडर गार पडून त्यावर दव वा हिम जमते व प्रवाह मंदावतो. अशा वेळी सिलिंडरला ज्योत लावणे किंवा त्यावर गरम पाणी ओतणे हा प्राणाशी खेळ आहे. सिलिंडरांना सुरक्षेसाठी सुमारे ७० अंश सेल्सिअसला वितळणारी बूच बसविलेली असतात. ती वितळली, की आतील सर्व क्लोरीन बाहेर पडतो. यास्तव सिलिंडर उन्हातही ठेवू नयेत.

रिकामे म्हणजे निर्धोक नव्हे

'रिकामे' म्हटलेल्या सिलिंडरमध्येही थोडा वायू दाबाखाली उरलेला असतो व तो तसा राहू देणेच योग्य असते. पूर्ण रिते केल्यास आत ओलावा शिरून सिलिंडर आतून कुजते. अशी सिलिंडरे भरलेल्यांपासून वेगळी, सावलीत, टोप्यांसह ठेवून लवकरात लवकर पुरवठादाराकडे परत पाठवावीत. १४ जुलै २०१० रोजी मुंबई बंदराच्या शिवडी येथील आवारात वर्षानुवर्षे बेवारस पडून असलेल्या सिलिंडरांतून क्लोरीनची गळती झाली व शंभराहून अधिक लोकांना उपचारांसाठी न्यावे लागले. बंद पडलेल्या योजनेच्या शेडमध्ये गंजत असलेले एखादे सिलिंडर आपल्याही परिसरात नाही ना, याचा शोध प्रत्येक पंचायतीने घेतला पाहिजे. असे सिलिंडर आढळल्यास त्यास कोणी हात लावू नये, भंगारात विकू नये, तर संबंधित पाणीपुरवठा यंत्रणेस व अग्निशमन दलास कळवावे.

गळती झालीच तर

सांध्यातून होणारी गळती बहुधा सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करताच थांबते. तथापि, हे काम श्वसन उपकरण घातलेल्या प्रशिक्षित व्यक्तीनेच करावे आणि दुसऱ्या व्यक्तीची सोबत असल्याविना करू नये. सिलिंडरलाच छिद्र पडले असल्यास शक्य तेथे ते अशा रीतीने फिरवावे, की छिद्र वरच्या बाजूस येईल. म्हणजे द्रवाऐवजी केवळ वायू बाहेर पडेल व गळतीचे प्रमाण पुष्कळ घटेल. व्हॉल्व्ह वा छिद्र झाकून टाकणारा आपत्कालीन संच केंद्रावर असावा आणि तो वापरण्याचा सरावही झालेला असावा.

गळणाऱ्या सिलिंडरवर पाणी मारणे किंवा ते उचलून विहिरीत, तलावात टाकणे, हा उपाय पुष्कळांना सहज सुचतो. परंतु तो चुकीचा आहे. क्लोरीन पाण्यात थोडाच विरघळतो, पाण्यामुळे तयार होणारे आम्ल छिद्र मोठे करते आणि वरून पाण्याचा साठाही दूषित होतो. वायू निष्प्रभ करण्यासाठी कॉस्टिक सोडा किंवा चुना यांचे द्रावण वापरतात. एक किलोग्रॅम क्लोरीनसाठी साधारणपणे सव्वा किलोग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, या हिशेबाने त्याचा साठा केंद्रावर ठेवावा.

परिसरातील नागरिकांनी वाऱ्याची दिशा पाहून तिच्या आडव्या बाजूने दूर जावे व शक्यतो उंच जागा गाठावी. वाऱ्याबरोबर धावत सुटल्यास वायू पाठलाग करतो. बाहेर पडणे अशक्य असल्यास दारे-खिडक्या बंद करून वरच्या मजल्यावर थांबावे. ११२ या क्रमांकावर तातडीने खबर द्यावी. जलशुद्धीकरण केंद्राजवळच्या शाळांच्या मुख्याध्यापकांनी मुलांना कोणत्या वाऱ्याला कोणत्या वाटेने न्यावयाचे, हे आधीच ठरवून वर्षातून एकदा त्याचा सराव घ्यावा. विज्ञानाच्या तासाला हवेपेक्षा जड वायू शिकविताना हा धडा सहज समजावून देता येतो.

बाधित व्यक्तीस मोकळ्या हवेत आणून अर्धवट बसते करावे, कपडे सैल करून ऊबदार ठेवावे. वायू अंगावर बसला असल्यास कपडे काढून टाकावेत. डोळे किमान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावेत. काही वेळाने बरे वाटू लागले, तरीही रुग्णालयात नेणे टाळू नये, कारण फुप्फुसांत पाणी साचण्याची क्रिया काही तासांनंतरही सुरू होऊ शकते.

जबाबदारी कोणाची?

सिलिंडरांची निर्मिती, भरणा, साठवण व वाहतूक यांवर गॅस सिलिंडर नियम, २०१६ यांन्वये नियंत्रण ठेवण्यात येते. त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे. भोपाळच्या १९८४ मधील दुर्घटनेनंतर धोकादायक रसायनांविषयी १९८९ मध्ये जे नियम झाले, त्यांत क्लोरीनच्या १० टनांपासूनच्या साठ्यांवर विशेष बंधने आहेत. लहान पाणीपुरवठा योजनांचा साठा या मर्यादेच्या पुष्कळ खाली असतो. त्यामुळे तेथील दक्षतेचा भार प्रत्यक्षात योजना चालविणाऱ्या स्थानिक संस्थेवरच येतो.

म्हणून पंचायत सदस्यांनी व अधिकाऱ्यांनी केंद्रास भेट देताना काही साधे प्रश्न अवश्य विचारावेत. सिलिंडरचे रोजचे वजन नोंदविले जाते काय? मागील अदलाबदल किती वाजता व कोणी केली? त्या वेळी दुसरी व्यक्ती हजर होती काय? नवे वॉशर व ताजे अमोनिया द्रावण शिल्लक आहे काय? श्वसन उपकरणाचे नळकांडे भरलेले आहे काय आणि ते चढविण्याचा सराव शेवटी केव्हा झाला? कंत्राटी ऑपरेटर बदलला असल्यास नव्यास प्रशिक्षण मिळाले काय? ज्या योजनेस ही सर्व तयारी परवडत नाही, तिने सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणासारख्या कमी जोखमीच्या पर्यायाचा गंभीरपणे विचार करावा.

नळाच्या टोकाशी दर लिटरला ०.२ मिलिग्रॅम शेष क्लोरीन आढळला, की गावाचे पाणी सुरक्षित असल्याचा निर्वाळा आपण देतो. ही तपासणी आवश्यकच आहे. तो क्लोरीन तेथवर पोहोचविणारा कर्मचारी दर दहा दिवसांनी कोणत्या परिस्थितीत सिलिंडर बदलतो, याची तपासणीही तितक्याच नियमाने झाली पाहिजे. एक जादा माणूस, एक नवा वॉशर आणि दिवसाची योग्य वेळ यांची तरतूद करणे कोणत्याही पंचायतीच्या आवाक्याबाहेरचे नाही.